संजय गांधी निराधार योजनेचा शासन निर्णय चिकित्सकपणे कसा वाचायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थिनीने ‘समाजकल्याण धोरणाच्या दस्तऐवजाचं चिकित्सक विश्लेषण’ या कामासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना, म्हणजे निराधारांना दरमहा अनुदान देणारी राज्य सरकारची योजना, निवडली. उद्दिष्टं, पात्रता, लाभ, अंमलबजावणी, त्रुटी, शिफारशी असे सगळे मथळे घेऊन पंधरा पानं लिहिली. मार्गदर्शकांनी ‘हा सारांश झाला, विश्लेषण कुठंय?’ असा शेरा मारून ती परत दिली. आता नेमकं काय करायचं, असं ती विचारते आहे.

गेली वीसेक वर्षं मी मराठवाड्यात एकल महिलांचे याच योजनेचे अर्ज भरून देते आणि ते नामंजूर झाले की तहसील कार्यालयात पाठपुरावा करते. त्यामुळे हा दस्तऐवज मी अभ्यासक म्हणून कमी आणि त्याच्या कलमांत अडकलेल्या बायकांच्या बाजूने जास्त वाचलाय. उत्तर त्याच जागेवरून देते.

तुमची चूक मथळ्यांत नाही, सुरुवातीत आहे. तुम्ही उद्दिष्टापासून निघालात. कुठलंही उद्दिष्ट वाचा, ते चांगलंच असतं. निराधारांना आधार देणं, त्यांचं जीवन सुसह्य करणं, याला कोण नाही म्हणेल? उद्दिष्टापासून निघालं की माणूस दस्तऐवजाच्याच भाषेत बोलू लागतो आणि शेवटी ‘योजना चांगली आहे, पण अंमलबजावणी कमी पडते’ या वाक्यापाशी थांबतो. हे वाक्य तुमच्या पंधरा पानांत असेलच. ते खोडा. निराधार योजनेत जे बिघडतं त्यातलं बरंचसं अंमलबजावणीत नाही, कागदावरच बिघडलेलं आहे, आणि ते दाखवून देणं हेच तुमचं काम आहे.

दस्तऐवज हाताशी आहे ना? मग एक माणूस घ्या आणि त्याला कलमाकलमातून चालवत न्या. मी इथे एक कल्पनेतली बाई घेते. नाव सुमन, वय अडतीस, बीड जिल्ह्यातली. नवऱ्याने दहा वर्षांपूर्वी टाकलं, घटस्फोट झालेला नाही. दोन मुलांना घेऊन माहेरी भावाच्या घरात राहते. कापूस वेचायला जाते आणि रोजगार हमीचं काम निघालं की त्यावर जाते.

पहिलं कलम प्रवर्गाचं. निराधार योजनेची यादी बरीच लांब आहे: दिव्यांग, क्षयरोग-कर्करोग-कुष्ठरोग-एड्स यांसारख्या आजारांनी ग्रासलेले, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, अत्याचारित महिला, वेश्याव्यवसायातून मुक्त केलेल्या महिला, देवदासी, तृतीयपंथी, तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची पत्नी, पस्तिशी ओलांडलेली अविवाहित स्त्री. ही यादी नीट, सावकाश वाचा आणि तिला श्रेय द्या. ही योजना १९८० सालची आहे. केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम आला १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे महाराष्ट्र पंधरा वर्षं आधी या वाटेवर होता. आणि केंद्राच्या निवृत्तिवेतनात वृद्ध, विधवा, दिव्यांग एवढेच गट आहेत. कैद्याची बायको किंवा देवदासी यांची आठवण महाराष्ट्राच्या कागदाने ठेवली. चिकित्सा म्हणजे नुसती दोषांची यादी नसते. कागदाला कोण दिसलं तेही त्यात यायला हवं.

सुमन ‘परित्यक्ता’ या शब्दात बसते. पण पुरावा? विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडे न्यायालयाचा हुकूमनामा असतो. टाकलेल्या बाईकडे काय असतं? नवरा निघून गेला याचा दाखला कुठल्याच कार्यालयात आपोआप तयार होत नाही. तिला गावातल्या कुणा ना कुणाकडून ‘ही नवऱ्यापासून वेगळी राहते’ असं लिहून घ्यावं लागतं. म्हणजे यादीत तिन्ही शब्द एका ओळीत, स्वल्पविराम देऊन बसलेत, पण प्रत्यक्षात त्यांची किंमत सारखी नाही. मी ज्या बायकांबरोबर काम केलं, त्यांतल्या सगळ्यात जास्त चकरा परित्यक्तांनी मारल्यात. विधवेला निदान कुणी ‘खरंच का?’ असं विचारत नाही. हा फरक अंमलबजावणीतून आलेला नाही. प्रवर्ग मान्य करायचा आणि तो सिद्ध करायचा सगळा भार मात्र अर्जदारावर टाकायचा, हा कागदाचाच निर्णय आहे. तुमच्या विश्लेषणात एक अख्खा परिच्छेद या एका शब्दाला द्या.

मग कुटुंब. सुमनचं नाव अजून सासरच्या शिधापत्रिकेवर आहे. राहते भावाकडे. उत्पन्न कुणाचं मोजायचं? कल्याणकारी योजनांत ‘कुटुंब’ हा सगळ्यात निसरडा शब्द आहे. २०२४ मध्ये ‘माझी लाडकी बहीण’ योजनेचा शासन निर्णय २८ जूनला निघाला आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व त्यांची अविवाहित मुलं, हा खुलासा नंतर जुलैत करावा लागला. निराधार योजनेच्या कागदात सुमनसारखीचं कुटुंब कुठलं धरायचं, ते शोधा. जिथे व्याख्या स्पष्ट नसते, तिथे ती टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस ठरवतो. व्याख्या मोकळी सोडणं म्हणजे अधिकार खाली, तलाठ्याच्या हातात देणं. हेही धोरणच आहे, फक्त लिहिलेलं नाही.

आता आकडा. इथे थांबा, कारण माझ्या मते तुमच्या विश्लेषणाचा कणा हाच व्हायला हवा.

या योजनेसाठी दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव हवं, नाहीतर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. ग्रामीण भागातली यादी २००२ च्या पाहणीवरची. तेव्हा आपली सुमन शाळेत होती. त्या यादीत असलं तर तिच्या बापाचं नाव असेल, तिचं कुठून येणार? म्हणजे उरली उत्पन्नाची अट. २१,००० भागिले बारा, महिन्याला १,७५० रुपये. आई आणि दोन मुलं, तिघांचं. दिवसाला माणशी वीस रुपयेसुद्धा होत नाहीत.

हा आकडा सरकारच्याच दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवा. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा मजुरीदर दिवसाला ३१२ रुपये होता. २००५ च्या केंद्रीय कायद्याने वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली, म्हणजे ३१,२०० रुपये. भागाकार करून बघा: ६७ दिवस काम केलं तर २०,९०४ रुपये होतात आणि ६८व्या दिवशी आकडा २१,२१६ वर जातो. म्हणजे सरकारनेच हमी दिलेलं काम सुमनने अडुसष्ट दिवस केलं, तर सरकारच्याच दुसऱ्या कागदानुसार ती निराधार उरत नाही. कापूस वेचणीची मजुरी यात धरलेलीच नाही.

मग प्रत्यक्षात काय होतं? दाखल्यावर २१,००० किंवा त्याहून थोडं कमी असा आकडा येतो. अर्जदाराला माहीत असतं, दाखला देणाऱ्याला माहीत असतं, मंजुरी देणाऱ्यालाही माहीत असतं. वरवर बघणारा याला भ्रष्टाचार म्हणेल. मी म्हणत नाही. पाळताच येणार नाही अशी अट घातली की ती सगळ्यांना मिळून वाकवावी लागते, आणि वाकवलेल्या दाखल्यावर जगणारी बाई कायमची भीतीत राहते. उद्या तपासणी लागली, कुणी तक्रार केली, गावात कुणाशी वाकडं आलं, तर तिचा लाभ बंद करायला तोच दाखला पुरतो. मी असं घडताना पाहिलंय. एका बाईने ग्रामसभेत रेशनबद्दल तोंड उघडलं आणि पुढच्या महिन्यात तिच्या उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल अर्ज गेला. जगण्यासाठी खोट्याची गरज पडावी, अशा आकड्यामुळे हक्काचं रूपांतर मेहेरबानीत होतं. हे वाक्य तुमच्या मूळ पानांत नसणार. ते यायला हवं, पण हिशेब मांडून मगच.

आता कुणी म्हणेल, मर्यादा जुनी आहे, बदलायची राहून गेली असेल. म्हणून कालक्रम बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये महिन्याचं अनुदान ६०० चं १,००० रुपये झालं, जुलै २०२३ मध्ये १,५०० झालं. रक्कम वाढवताना २१,००० ची मर्यादा तशीच ठेवली. दिव्यांगांसाठी मात्र ती ५०,००० केलेली आहे. म्हणजे आकडा बदलता येतो, एका गटासाठी बदललाही. विधवेसाठी आणि परित्यक्तेसाठी बदलला नाही, तेव्हा ही निवड आहे, विसर नव्हे. दस्तऐवजांची मालिका लावून वाचल्याशिवाय हे दिसत नाही.

मालिका लावायची कशी, तेही सांगते, कारण हे कुणी शिकवत नाही. कुठल्याही शासन निर्णयाच्या डोक्यावर ‘वाचा’ असं लिहून आधीच्या निर्णयांची यादी दिलेली असते. बहुतेक विद्यार्थी ती ओलांडून सरळ ‘प्रस्तावना’वर जातात. तुम्ही उलटं करा. त्या यादीतला प्रत्येक निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर संकेतांकाने किंवा तारखेने शोधा, खाली उतरवा, तारखेने लावा आणि एका वहीत तीनच रकाने करा: रक्कम, उत्पन्नाची मर्यादा, वगळलेले. पानभर वही झाली की धोरण कुठल्या दिशेला सरकतंय ते कळतं. शुद्धिपत्रकं सोडू नका. काही वेळा मोठा बदल दोन ओळींच्या शुद्धिपत्रकात असतो.

त्याच निर्णयाच्या शेवटाकडे आणखी दोन जागा बघा. एक, वित्त विभागाच्या सहमतीचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक आणि खर्चाचं लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या खात्याचा क्रमांक. सामाजिक सुरक्षा व कल्याण यासाठी मुख्य लेखाशीर्ष २२३५ आहे. ते धरून अर्थसंकल्पाच्या पुस्तकात तीन-चार वर्षांची तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च काढा. दोन, ‘प्रत’ या शब्दाखालची यादी. हा कागद कुणाकुणाला पाठवला ते त्यात असतं. ज्या ग्रामपंचायतीत बाई पहिल्यांदा जाते, तिथपर्यंत प्रत जाते का? मी एकदा एका ग्रामसेवकाला बदललेले निकष माझ्या फाइलमधून काढून दाखवले होते. त्याच्याकडे जुनेच होते, आणि तो चांगला माणूस होता.

आता दुसऱ्या योजनेशी तुलना. एकटा कागद वाचून त्याची उंची कळत नाही. लाडकी बहीण योजनेची रक्कमही महिना १,५०० रुपयेच. तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाच्या दाखल्यातूनही सूट. निराधार योजनेत तीच रक्कम, मर्यादा २१,०००. जवळपास बारापट फरक. शिवाय इतर सरकारी योजनेतून १,५०० किंवा त्याहून जास्त मिळत असेल तर लाडकी बहीण मिळत नाही, त्यामुळे निराधार योजनेतल्या विधवेला दोन्ही एकदम मिळत नाहीत. नवरा, घर, केशरी कार्ड असलेल्या बाईला सोप्या कागदावर जेवढं मिळतं, तेवढंच टाकलेल्या बाईला कठीण कागदावर मिळतं. यात कुणा बाईच्या विरोधात काही नाही. कमावत्या घरातल्या बाईच्याही हातात स्वतःचे पैसे असावेत असं मला मनापासून वाटतं. पण एकच सरकार एकाच रकमेसाठी दोन बायकांवर इतका वेगळा अविश्वास दाखवत असेल, तर त्यामागे गरिबीबद्दलची कुठली समजूत आहे, हा प्रश्न विश्लेषणात विचारावाच लागेल.

आणि सोपा प्रवेशही टिकाऊ असतोच असं नाही. २०२५ च्या जूनपासून लाडकी बहीण योजनेतल्या सुमारे २६ लाख लाभार्थींचा लाभ पडताळणीसाठी थांबवला गेला, मग ई-केवायसी आलं. दारातून आत घेताना चाळणी मोठी आणि नंतर बारीक, हा क्रम कागदात आधीच लिहिलेला होता का, की नंतर आला? दोन्ही योजनांची पुनर्तपासणीची कलमं शेजारी ठेवा.

भाषेवर दोन शब्द. शासन निर्णयांची क्रियापदं खुणा करून वाचा. ‘अनुज्ञेय राहील’, ‘देण्यात येईल’, ‘दक्षता घ्यावी’, ‘आवश्यक ती कार्यवाही करावी’. प्रत्येकापुढे विचारा: कुणी? किती दिवसांत? नाही केलं तर काय? अर्जदाराची वाक्यं बघा, तिच्यावरच्या अटींना तारीख आहे, कागद आहे, शिक्षा आहे. कार्यालयाच्या वाक्यांना बहुधा ‘दक्षता’ आहे. हा असमतोल मोजता येतो. अर्जदारावरची बंधनं किती, प्रशासनावरची मुदतबद्ध बंधनं किती, असं दोन रंगांनी मोजा. मी प्रशिक्षणात कार्यकर्त्यांकडून हे करून घेते आणि रंग दिसले की बाकी फारसं समजावावं लागत नाही.

वेगळं लिहिणं शक्य असतं का? असतं, आणि उदाहरण आपल्याच राज्यात आहे. रोजगार हमी. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगावात प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात त्याचा विस्तार झाला, १९७५ मध्ये त्यासाठी व्यवसाय कर लावला गेला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. क्रम बघा: प्रयोग, पैशाचा स्रोत, मग कायदा. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता, असं लिहिलं. तो भत्ता सहजासहजी मिळत नाही हे मला माहीत आहे, पण भांडायला कलम आहे. निराधार योजना कायद्याने बांधलेली नाही, शासन निर्णयांवर चालते. एका निर्णयाने दिलेलं दुसऱ्या निर्णयाने काढता येतं. संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये म्हातारपण, आजारपण, अपंगत्व अशा वेळी सार्वजनिक साहाय्याची तरतूद करायला राज्याला सांगितलंय, पण आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. ती मर्यादा कोण, कशावरून ठरवतं, हे योजनेच्या कागदात शोधा. कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता किमतींच्या निर्देशांकाला जोडलेला असतो आणि वर्षातून दोनदा फेरविचाराला येतो. निराधारांच्या अनुदानाला असं काही जोडलेलं नाही. केंद्राचं उदाहरण याहून कठोर आहे: इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयासाठी केंद्राचा वाटा २०० रुपये आहे आणि जवळपास दोन दशकं तो हललेला नाही.

मंजुरी, हयातीचा दाखला, बँक या भागावर तुम्ही चार पानं लिहिली असतील. एक पुरे. फक्त एक गोष्ट करा: मुदतींच्या शेजारी गावाचं कॅलेंडर ठेवा. बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या आसपास निघतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडावर असतो. त्या काळात तालुक्याला समक्ष हजर राहायला सांगणारी कुठलीही अट त्याच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वगळतेच, वगळायचा हेतू नसला तरी.

शिफारशींबद्दल. ‘जनजागृती करावी’, ‘प्रक्रिया सुलभ करावी’ ही वाक्यं काढून टाका. ती कुठल्याही योजनेखाली चालतात, म्हणजे तुमच्या विश्लेषणातून ती आलेली नाहीत. सुमनच्या वाटेवर जी कलमं आडवी आली त्यांचाच पर्यायी मसुदा लिहा, शासन निर्णयाच्याच भाषेत. उदाहरणार्थ: ‘परित्यक्ता महिलेच्या बाबतीत अर्जदाराचे स्वयंघोषणापत्र ग्राह्य धरण्यात येईल, त्याबाबत शंका असल्यास ती सिद्ध करण्याची जबाबदारी चौकशी अधिकाऱ्याची राहील व चौकशी ३० दिवसांत पूर्ण न झाल्यास अर्ज पात्र समजण्यात येईल.’ असं एक कलम लिहायला बसा. खर्च किती वाढेल, गैरवापर कसा होईल, वित्त विभाग काय आक्षेप घेईल, हे सगळं तेव्हा डोक्यात येतं. ते आक्षेपही लिहा आणि त्यांना उत्तर द्या. उत्पन्नाच्या मर्यादेसाठी माझा स्वतःचा मसुदा साधा आहे: रोजगार हमीच्या चालू दराने १०० दिवसांच्या मजुरीपेक्षा ती कधीही कमी असू नये. तुम्हाला पटलं नाही तर दुसरा मोजदंड सुचवा, पण आपोआप हलणारा सुचवा.

आणि एक काम आजच करा, कारण त्याला वेळ लागतो. तुमच्या तालुक्याच्या तहसील कार्यालयात दहा रुपयांचं शुल्क लावून माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्या. गेल्या तीन वर्षांत योजनेचे किती अर्ज आले, प्रवर्गनिहाय किती मंजूर, किती नामंजूर, नामंजुरीची कारणं काय, आणि अर्ज मंजूर करणाऱ्या तालुका समितीच्या बैठका कोणत्या तारखांना झाल्या, एवढंच विचारा. कुणाची नावं मागू नका. विधवा आणि परित्यक्ता यांचे आकडे वेगळे मागा, एकत्र ‘महिला’ म्हणून दिले तर पहिलं अपील करा. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. तोवर त्या ‘वाचा’खालच्या यादीतले निर्णय लावून ठेवा.